भागीरथाबाईंचा लोडर

धामणगाव रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये भागीरथाबाई तायडे एकोणीस वर्षं सरकी वाहत होत्या. कापसातून रुई निघाली की उरलेल्या सरकीचे आवारात ढीग लागायचे आणि बारा बाया टोपल्यांनी ती ट्रॉलीत भरायच्या. तीन हंगामांपूर्वी मालकानं समोर लोडर, म्हणजे वरखाली होणारा लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला माल उचलणारी बकेट, बसवलेला छोटा ट्रॅक्टर आणला, शेडच्या बुटक्या दारातून सहज आत जाणारा. मुकादम पंजाबरावांनी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "उद्यापासून टोपल्याचं काम बंद."

बाकीच्या बाया घरी गेल्या. भागीरथाबाई व्यवस्थापक जीवनभाऊंच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"याले चालवनार कोन?"

"पाहू कोनी."

"पाहता काहून? मी आहो ना."

जीवनभाऊ हसले. शेहेचाळीस वर्षांची बाई, साधी सायकलही कधी चालवलेली नाही. भागीरथाबाईंनी वाद घातला नाही. त्या तिवशाकडे माहेरी गेल्या, भावाच्या ट्रॅक्टरवर हात बसवला, अमरावतीला जाऊन लायसन काढलं आणि पुढच्या हंगामाला परत येऊन तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. तोवर आधीचा ड्रायव्हर काम सोडून गेला होता. नाइलाजानं जीवनभाऊंनी किल्ली दिली. ती घेताना बाईंनी अट घातली, की सांडलेली सरकी झाडायला माणिकबाई आणि करिश्माला परत घ्यायचं.

यंदाच्या जानेवारीत, कापसाची आवक जोरात असताना, लोडर अडला. बकेट पुढं उलटायची, पण परत वर वळायची नाही. तोंड खाली घालून तशीच लटकायची. अमरावतीच्या एजन्सीतून कुर्बानभाई मेकॅनिक आले. त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला, बकेटचा लिव्हर दोनदा मागंपुढं केला आणि इंजिन बंद केलं.

"लिव्हरखालचा, तेल वळवनारा व्हॉल्व्ह गया. जास्त भार उचलला की जाते."

"बाई मानसाच्या हाती मशीन देल्ली तवाच मी सांगतलं होतं," पंजाबराव म्हणाले.

चालकाची चूक असेल तर वॉरंटी मिळणार नव्हती. तसा कागद तयार झाला आणि खाली सही करायला भागीरथाबाईंना बोलावलं. त्या सातवी शिकलेल्या. त्यांनी उभ्या उभ्या कागद शेवटपर्यंत वाचला आणि पेन टेबलावर ठेवून दिला.

"सही नाही करत."

"आता काहून?" जीवनभाऊ वैतागले.

"यात लिवलं का म्या बिघडवलं. काय बिघडलं थे त कोनं पाह्यलंच नाही. आदी खोलून दाखवा."

"बाई, पंधरा वर्षं झाले मले या लाइनमधी," कुर्बानभाई म्हणाले.

"मंग तुमाले सोपं जाईन. लोडरचा हात वरखाली होते का नाही?"

"होते."

"हाताचे दोन पाइप व्हॉल्व्हले जिथं लागते, तिथं बकेटचे लावा. बकेटच्या जागी हाताचे लावा. व्हॉल्व्ह गेला असन त आता हात अडन, बकेट चालन."

ही युक्ती त्यांच्या भावाची होती. कुर्बानभाई घड्याळ पाहत म्हणाले, "टाइम जाईन फुकट."

"जाऊ द्या. अठी माही इज्जत जाऊन राह्यली."

बकेट जमिनीला टेकवली. बंद इंजिनवर लिव्हर हलवून पाइपांतला दाब सोडला. पाइपांची अदलाबदल झाली आणि भागीरथाबाई स्वतः सीटवर चढल्या. माणिकबाई झाडू टाकून पाहत उभी राहिली. ज्या लिव्हरच्या व्हॉल्व्हला दोष दिला होता, त्यानं लोडरचा हात सुरळीत वर गेला, सुरळीत खाली आला. दुसऱ्या, चांगल्या लिव्हरनं बकेट पुढं वळली आणि पुन्हा तिथंच अडली.

कुर्बानभाईंनी दोन्ही लिव्हर स्वतः पुन्हा हलवून पाहिले. मग म्हणाले, "व्हॉल्व्ह ठीक आहे."

"म्हंजे बकेटच्या पाइपात आहे. तेल जाऊन राह्यलं, पन वापस येऊन नाही राह्यलं."

कुर्बानभाईंनी बकेटकडून तेल परत आणणाऱ्या पाइपाचा कपलर, म्हणजे झटकन जोडायचं ते लोखंडी तोंड, उघडून हातावर घेतला. आतला छोटा दट्ट्या अर्धवट अडकला होता. त्याच्यामागं माती आणि रुईचे तंतू ठासून बसले होते. तेलाच्या जोरानं तो आत ढकलला जायचा, पण परतीच्या वाटेवर झाकणासारखा बंद व्हायचा.

दिवाळीत पाण्याचा टँकर ओढायला लोडर काढून ठेवला होता. पंजाबरावांच्या माणसांनी पाइप झाकण न लावता जमिनीवर रुईच्या कचऱ्यात टाकले होते. पंजाबराव आता दुसरीकडं पाहू लागले.

"लावताना मी फडक्यानं वरून पुसलं," भागीरथाबाई म्हणाल्या. "आत पाह्यलं नाही. तेवढी माही चूक लिवा. व्हॉल्व्हची नाही लिवू देत."

कुर्बानभाईंनी पिशवीतून नवा कपलर काढून बसवला. बकेट पुढं गेली, मागं आली. त्यांनी जुना कागद फाडला आणि नव्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कपलरमध्ये कचरा, व्हॉल्व्ह चांगला. तो भागीरथाबाईंनी वाचला, मगच सही केली.

जाताना कुर्बानभाई म्हणाले, "बाई, अमरावतीले आले त वर्कशॉपमधी या."

"काम असन त येईन," त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत भागीरथाबाईंनी करिश्माला सीटवर बसवलं आणि क्लचवर पाय कसा ठेवायचा ते सांगू लागल्या. पंजाबराव शेडमधून ओरडत आले, "हे कोनाले विचारून चालू आहे?"

भागीरथाबाईंनी मान वळवली नाही.

"मले," त्या म्हणाल्या. "करिश्मा, आता हळूच सोड."