बत्तिसावं प्रकरण

गुणवंतराव निमगडे ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ट्रेसर होते. साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचे, हे त्यांचं काम. नकाशा मंजूर झाल्याशिवाय तिथं नळाची तोटीसुद्धा बसत नसे. हा धडा त्यांच्या अंगी इतका मुरला होता की बायको कमळा म्हणायची, "आमचे हे भाजीले निंघाले तं पहिले पिशवीचा नकाशा काढतात."

असा माणूस कादंबरी लिहायला बसला तर दुसरं काय होणार? चौऱ्याऐंशी साली त्यांनी रद्दीतल्या नकाशांच्या कोऱ्या पाठीवर आराखडा मांडला. बत्तीस प्रकरणांचे बत्तीस चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. कादंबरी त्यांच्या मोठ्या बहिणीवर, बायनाबाईवर होती. आईबाप गेले तेव्हा गुणवंतराव तीन वर्षांचे होते आणि ती सतरा. मूल या गावाजवळच्या खेड्यात लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, धानाचे रोवणे करकरून तिनं भावाला मॅट्रिक केलं; स्वतःचं लग्न राहूनच गेलं. तिला अक्षर येत नव्हतं. म्हणून बत्तिसाव्या, शेवटच्या चौकोनात त्यांनी लिहिलं होतं : बाई पुस्तक ऐकते.

चंद्रपूरच्या, म्हणजे पूर्वीच्या चांद्याच्या, एका साहित्य मेळाव्यात कुणी सांगितलं होतं, शेवट ठाऊक असल्याशिवाय पहिली ओळ लिहू नये. दुसरा तिथंच उठून म्हणाला, शेवट ठाऊक असेल तर लिहायचंच कशाला? गुणवंतरावांना पहिला पटला. ट्रेसरच ते!

दरसाल धान निघालं की बायनाबाई नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन यायची. चप्पल काढायच्या आधी विचारायची, "बाबू, कुठवर आलं माह्यं पुस्तक?"

"आराखडा चालू हाय, बाई."

"मंग तोच वाच नं."

त्यांनी वाचलं, "प्रकरण चार. चांद्याची दीक्षा. पांढरं लुगडं. गर्दी. बाईचा निर्धार."

"लुगडं कोनाचं होतं, ते नाई लिवलं?"

"कोनाचं होतं?"

"लिवशीन तवा सांगीन," ती हसून म्हणाली.

त्या एका प्रश्नापायी त्यांनी सगळा आराखडा पुन्हा काढला. पुढच्या वर्षी पुन्हा एकदा. शहाऐंशी साली मात्र बायनाबाईनं कागदांची गुंडाळी हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "धानाचे पऱ्हे वाफ्यात किती दिवस ठेवशीन, बाबू? रोवाची येळ गेली का ते जून होतात. मंग रोवून फायदा नाई, दाना नाई भरत."

"तुले त्यातलं नाई समजत," गुणवंतराव बोलून गेले.

तिनं गुंडाळी खाली ठेवली. तिनं जन्मात भावाकडे काही मागितलं नव्हतं. हे एवढंच मागितलं होतं.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात ती आली ती वाळलेली, पोटात गोळा घेऊन. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. क्वार्टरच्या खिडकीखाली तिची खाट टाकली. एका दुपारी ती म्हणाली, "आता वाच बाबू. झालं असन तेवढं वाच."

झालेलं काहीच नव्हतं. एक ओळसुद्धा नाही. पण हे तिला सांगायचं कुठल्या तोंडानं? त्यांनी गुंडाळी आणली, मांडीवर उलगडली आणि चौकोनांकडे बघत वाचल्यासारखं बोलू लागले.

"छप्पन सालचा आश्विन होता. बांधीत धान लोंबीला आलं होतं. सगळं गाव पांढरे कपडे घालून चांद्याला बौद्ध धम्माच्या दीक्षेला निघालं आणि बायनाकडे पांढरं लुगडं नव्हतं."

"वच्छलाकाकीचं नेसली होती," खाटेवरून आवाज आला. "पदराले भोक होतं."

पुढच्याच वाक्यात वच्छलाकाकी आली, पदराचं भोकही आलं.

"आनि तू?" तिनं विचारलं.

"मी तुह्या कडेवर."

"मुतला त्याच्यावर! चांदा यायाच्या पहिलेच!"

दोघंही हसली. हसताना पोट दुखायचं म्हणून तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं, तरी हसत होती. कमळा स्वयंपाकघराच्या दारात हातातली कणीक विसरून रडत उभी होती.

तीन दुपारी ते असे बोलत राहिले. चौकोन नाही, बाण नाही. एकातून एक निघत गेलं. तिसऱ्या दुपारी मॅट्रिकच्या निकालापर्यंत गोष्ट आली तेव्हा बायनाबाईनं हात वर करून थांबवलं. दमली होती.

"चांगलं लिवलं रे बाबू," ती म्हणाली. "मले वाटे, तू लिवूनच नाई राह्यला. उगाच बोलली तुले."

गुणवंतरावांनी आराखड्याची गुंडाळी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

महिन्याभरानं ते कोरे कागद घेऊन बसले. जे बोललो तेच उतरवायचं, त्यात काय अवघड? 'बायनाकडे पांढरं लुगडं नव्हतं' इथवर लिहिलं. पुढचं काही केल्या आठवेना. ऐकणारीच राहिली नव्हती. तासाभरानं पाहिलं तर हात आपसूक चौकोन आखत होता.

काम पुरं झालं की नकाशावर तारीख घालायची, अशी कचेरीतली रीत होती. गुणवंतरावांनी जुना आराखडा उलगडला आणि 'बाई पुस्तक ऐकते' या बत्तिसाव्या चौकोनात त्या तिसऱ्या दुपारची तारीख घातली. बाकीचे एकतीस तसेच राहिले.