पाटावरचे दोन कीबोर्ड

माझा कीबोर्ड उचलायला दोन हात लागतात. शहरातली एक गिरणी बंद पडल्यावर तिच्या कचेरीतलं सामान भंगारात निघालं, त्यातून मी तो आणला. खाली जाड लोखंडी पत्रा, वर प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा स्विच. एखादं बटण अडलं तर तेवढीच टोपी उपसायची, जुन्या टूथब्रशनं आतली घाण काढायची आणि टोपी परत दाबून बसवायची. मी तो आणला तेव्हा त्यात गिरणीतला कापूस होता. तो सगळा काढला आणि पहिल्याच दिवशी कीबोर्ड चालू झाला. या गोष्टीचा मला इतका अभिमान होता की आल्यागेल्याला मी तो हातात देऊन वजन बघायला लावायचो.

आमचं टायपिंगचं काम. सोलापुरात, कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर, राहत्या घराचीच पुढची खोली. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, सातबाऱ्यातल्या दुरुस्तीचे अर्ज. खोलीत दोन टेबलं, एकमेकांकडे पाठ केलेली. एकावर मी, दुसऱ्यावर बायको.

तिचा कीबोर्ड मेंब्रेनचा, म्हणजे आमच्या घरातल्या भाषेत रबरी. बटणांखाली रबराची एकच चादर, तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे आणि त्यांवर छापलेल्या रेघा. एका हातात मावेल, वाऱ्यानं हलेल असा. तिनं तो दुकानातून आणला तेव्हा मी उलटासुलटा करून बघितला आणि म्हणालो, "वर्षभर टिकला तर मला सांग."

"तुमचं लोखंड लई टिकंल," ती म्हणाली, "पर शेजारच्यांचे कान टिकायचे न्हाईत."

ती अक्कलकोटकडची. माझं कीबोर्ड-पुराण फार लांबलं की ती मान न वळवता म्हणायची, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. लग्नानंतर मी शिकलेला तो पहिला कानडी शब्द, आणि सर्वांत जास्त वेळा ऐकलेलाही तोच.

कोर्टात तारखेला येणाऱ्यांना मात्र माझ्याचकडून काम करून घ्यायचं असे. वळसंगचे एक म्हातारे गृहस्थ तर तिची खुर्ची मोकळी असली तरी माझ्यासाठी ताटकळत बसायचे. एकदा तिनं कारण विचारलं. ते म्हणाले, "साहेबांच्याकडं आवाज येतोय की. काम झाल्यावानी वाटतंय. तुमच्याकडं नुस्तं बसल्यावानी वाटतंय बगा." माझं एक पान होईपर्यंत तिची दोन होत. तरी ती हसली आणि त्यांना चहा दिला. मी तो किस्सा पुढे कितीतरी दिवस लावून धरला.

खरं तर तिच्या बटणांनाही आवाज होता. थप थप, उशीवर बोट आपटावं तसा. पण माझी कटकट चालू असेपर्यंत तो कुणालाच ऐकू येत नसे, मलाही नाही. मी वाचायला थांबलो, चष्मा पुसायला थांबलो, की मागून तो यायचा. ती आहे, काम चालू आहे, एवढंच त्यातून कळायचं. तेव्हा त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. साधा ताप म्हणून सुरुवात झाली आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. तेराव्यानंतर मी दुकान उघडलं आणि तिच्या टेबलावरचा कपडा काढला, तर रबरी कीबोर्ड धडधाकट. तिच्या अंगठ्यानं स्पेसबार एका जागी गुळगुळीत झाला होता. चार-पाच बटणांवरची अक्षरं पार पुसली होती. पण बटण दाबलं की पडद्यावर अक्षर उमटत होतं. मला त्याचा राग आला. खरंच आला. टिकायचं होतं कुणी आणि टिकला कोण!

मग राग गेला आणि भीती आली. हा कीबोर्ड बिघडला तर दुरुस्त करता येत नाही, हे मीच तिला दहादा ऐकवलेलं. जपून वापरावा तर झिजणार, न वापरावा तर धूळ बसून रबर कडक होणार. शेवटी मी नियम केला. रोज दुपारी जेवण झाल्यावर तिच्या खुर्चीत बसून एकच अर्ज तिच्या कीबोर्डवर करायचा. बाकी सगळं काम माझ्या लोखंडावर. दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू दिला नाही. जन्मभर ज्याची टर उडवली त्याला मी आता तळहातावरच्या फोडासारखं जपत होतो. तिनं बघितलं असतं तर दिवसभर हसली असती.

पहिल्या वर्षी दुखवट्यामुळे सणवार काहीच केले नाहीत. या वर्षी खंडेनवमीला वाटलं, पूजा करावी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. कुणी कोयता-विळा पुजतो, कुणी माग, आम्ही कीबोर्ड. पूजा झाली की दसऱ्याला उचलेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हे सगळं ती करायची. पाटावर दोन्ही कीबोर्ड मांडायची. माझ्या कीबोर्डच्या पत्र्यावर थेट हळदकुंकू, आणि तिच्यावर आधी एक विड्याचं पान ठेवून त्या पानावर. मी हे दरवर्षी बघितलं आणि कधी विचारलं नाही. अक्कलकोटकडची काही पद्धत असेल, किंवा नवऱ्याच्या हत्याराला मान जास्त, असं काहीतरी समजून मी मनातल्या मनात खूषही असायचो.

यंदा मी ठरवलं, मान तिच्या कीबोर्डला द्यायचा. पान नाही, आडपडदा नाही. झेंडूचं फूल पाण्यात बुडवून शिंपडलं. गंध उगाळून ओळीनं बटणांना लावलं. ओल्या हळदीतल्या अक्षता वाहिल्या, चांगल्या मूठभर. हात जोडले तेव्हा डोळे भरून आले होते, त्यामुळे फार काही दिसतही नव्हतं. मग रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही.

दसऱ्याला कीबोर्ड पुसून जोडला. वरची ओळ मुकी. खालची ओळ एक बटण दाबलं की तीन अक्षरं टाकायची. तासाभरानं तेही थांबलं.

मी तो पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार ओळखीचा, चाळिशीतला, विणकर घरातला. घरी तेलुगू बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यानं हातात घेतला आणि म्हणाला, "काका, ह्याला दुरुस्ती नसतीय. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"उघडून तर बघा."

त्यानं स्क्रू काढले. रबराची चादर उचलली. खालच्या पापुद्र्यांमध्ये पिवळं पाणी पसरून वाळलं होतं, दोन-तीन तांदूळही चिकटले होते. त्यानं बोट फिरवून वास घेतला.

"हळद कशी आली हितं?"

"खंडेनवमी," मी म्हणालो.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "आमच्यात बी मागाला करत्यात," तो म्हणाला. "पर माग लोखंडाचा असतोय, काका. ह्याच्या रेघा खाल्ल्या बगा पाण्यानं. तुमचा तो जुना बुडवून काढला असता तरी वाळवून चालला असता. ह्याला हळदीखाली कायतरी ठेवाय पायजे हुतं. एखादं पान तरी."

मी मान हलवली. इतकी वर्षं ती पान ठेवत होती आणि मला एकदाही त्याचं कारण विचारावंसं वाटलं नव्हतं. रबरी टिकला तो नशिबानं नव्हे. ती त्याला टिकवत होती आणि माझी बडबड ऐकून घेत होती.

त्यानं तो पुसून परत बंद करून दिला. पैसे घेतले नाहीत.

घरी आणून मी तो तिच्या टेबलावर ठेवला. वायर जोडली नाही, जोडून उपयोगही नव्हता. सहज एक बटण दाबलं. थप. मेलेल्या कीबोर्डचा आवाज जिवंत असतानाचाच होता, काडीचा फरक नाही. मी बराच वेळ दाबत बसलो. क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की मला हा आवाज समोरून नकोय. मला तो पाठीमागून हवाय.

काल दुपारी कुणी गिऱ्हाईक नव्हतं. मी दार लोटून घेतलं, तिचा कीबोर्ड उचलून माझ्या खुर्चीमागे स्टुलावर ठेवला. उजवा हात माझ्या लोखंडावर, डावा मागे वळवून तिच्या बटणांवर. वेड्यासारखं दिसत असणार, दिसू दे. कटकट आणि थपथप, दोन्ही आवाज एका वेळी आले, खोली पूर्वीसारखी भरली. मी डोळे मिटून चालू ठेवलं. मग जुन्या सवयीनं, तिचा आवाज ऐकायला म्हणून, मी थांबलो. दोन्ही थांबले.