दर्याकडे तोंड केलेलं घर

शरच्चंद्र सोमण ऊर्फ भाऊसाहेब पेन्शनीत निघून मुंबईहून किहीमला कायमचे आले ते बत्तीस साली. येताना एक वेताची खुर्ची आणि 'सी-व्ह्यू' हा एक शब्द घेऊन आले. खुर्चीवर निदान बसता तरी येतं, असं त्यांची बायको दुर्गाबाई म्हणे.

सोमणांचं घर किनाऱ्यावरच्या सगळ्या घरांसारखं समुद्राकडे पाठ करून बसलेलं. पूर्वेला ओटी, अंगण, तुळस. पश्चिमेला खरकट्याची मोरी, चार माड आणि पलीकडे वाळू. आजवर कुणाला त्यात खोट दिसली नव्हती. ह्यांना दिसली.

"गिरगावचे भिडे आपल्या कुमुदला मुलासाठी बघायला यायचेत. त्यांना काय शेणाच्या ओटीवर बसवू? समुद्राकडे व्हरांडा काढायचा. घराचं तोंडच फिरवायचं."

"फिरवा. पण आधी एकदा पहाटे उठून तिकडे बघा हो," दुर्गाबाई म्हणाल्या.

पण पहाट बघणार कोण? लहानपणीच मुंबईला मामाकडे गेलेला माणूस. गणपतीला घरी आला तरी उन्हं अंगावर येईस्तोवर घोरणारा. कुमुदला विसावं लागलेलं, लोक विचारू लागलेले. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून दुर्गाबाईंनी जीभ दाताखाली धरली. एरवी ती तिथं फार वेळ टिकत नसे.

भिकू गवंड्यानं पश्चिमेची भिंत पाडायला घेतली. "पाडतो की," तो म्हणाला, "आमाला पाडायची बी मजुरी हाय न् बांधायची बी."

व्हरांडा झाला. रंगीत लाद्या, रंगीत काचा. मोरी उचलून पूर्वेला तुळशीशेजारी नेली, तेव्हापासून दुर्गाबाई नाकाला पदर लावून प्रदक्षिणा घालू लागल्या.

मुलाचे वडील विश्वंभरपंत भिडे संध्याकाळच्या बोटीनं आले. मुलगी पसंत, लाद्या त्याहून पसंत. "उद्या सकाळी समुद्र बघत चहा घेऊ, मग याद्या करू," म्हणाले. भाऊसाहेबांची छाती व्हरांड्याएवढी झाली.

उजाडताना त्यांनी स्वतः दारं सताड उघडली. पाहुण्यांच्या हाती कपबशी दिली आणि सी-व्ह्यू दाखवला.

ओहोटी होती. वाळूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुढ्यात टमरेल घेऊन, गावातले झाडून सगळे पुरुष बसले होते. त्यातला बुधाजी तांडेल रीतीचा माणूस. ओळखीच्याला हाक मारल्याशिवाय राहायचा नाही. बसल्या जागेवरून मान वळवून त्यानं आवाज दिला,

"राम राम, भाऊसायेब! पावणं कवा आलं? व्हरांडा झ्याक झालाय! हितनं कपबशी बी दिसतीया!"

विश्वंभरपंतांनी कप तसाच खाली ठेवला. "कळवतो," म्हणाले, आणि पहिल्या बोटीनं गेले. कळवलं काही नाही.

याद्यांसाठी केलेला शिरा कढईतच थिजला. आतून कुमुदचे हुंदके येत होते, आणि भाऊसाहेब मात्र व्हरांड्यात थयथयाट करत होते, "गावंढळ मेले! यांना समुद्र कळतो का?"

"कळतो की," दुर्गाबाई म्हणाल्या. "कशाकरता असतो तेसुद्धा कळतं. तुम्हालाच माहीत नव्हतं."

आठवड्याभरात भाऊसाहेबांनी भिकूला बोलावून व्हरांड्यापुढं पुरुषभर उंचीची भिंत घालायला सांगितली. भिकूनं हसू दाबलं, मजुरी दाबली नाही.

दुर्गाबाईंनी कुणाला न विचारता मोरी पुन्हा पश्चिमेला नेली, पूर्वेचं दार उघडलं आणि ओटी हातानं सारवून काढली. मार्गशीर्षात नागावच्या शाळेतला एक मास्तर त्याच ओटीवर येऊन बसला. त्यानं लाद्यांची चौकशी केली नाही. कुमुदची केली.

याद्या व्हायच्या वेळी घरधनी दिसेनात. कुमुद बघून आली.

"बाबा व्हरांड्यात आहेत. खुर्ची टाकून, भिंतीकडे तोंड करून. म्हणतात, लाटा छान ऐकू येतात."

"ऐकू देत," दुर्गाबाई हळदकुंकवाची वाटी उचलत म्हणाल्या. "व्याह्यांना तेवढं ऐकायला बोलावू नका म्हणावं."