आमच्या साडूंचं जपानी

जपानी भाषेचं एक अक्षर न शिकता अख्खा जपानी बोलपट पाठ असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे. तो बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि माझा साडू लागतो. मी मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा विकत विकत स्वतःचा गाळा घेतलेला माणूस. समोरच्याचं तोंड पाहून त्याच्या मनातला भाव ओळखायचा, यावर माझं पोट चालतं, त्यामुळे सहसा मी कुणाला मानत नाही. या गृहस्थांना मात्र मानावं लागतं. माझा त्यांच्यावर राग आहे, ती गोष्ट वेगळी.

सिनेमा आहे जपानातले बोलपट नुकतेच बोलायला लागले तेव्हाचा, नवरा-बायकोच्या कुरबुरींचा, विनोदी. साडूंना तो कुठल्याशा फिल्म क्लबात भेटला आणि मग ते त्याच्यापासून सुटलेच नाहीत. त्यांच्याकडच्या प्रतीला खाली इंग्रजी ओळीसुद्धा नाहीत. दर रविवारी संध्याकाळी ते बैठकीच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवतात, प्रोजेक्टर लावतात आणि येईल त्याला सिनेमा दाखवतात. आवाज असा चरचरतो की समोरच्या काकू एकदा इथे तळण चाललंय असं समजून वाटी घेऊन आल्या होत्या. साडू भिंतीशेजारी उभं राहून दोघांचंही बोलणं मराठीत म्हणतात. नवरा गुरगुरला की, "चहा मिळाला तर उपकार होतील." बायको तुटक बोलली की, "उपकार संपलेत. दूध आणा, मग बघू." मी एकदा विचारलं, "तुम्हाला जपानी येत नाही, मग हे आणता कुठून?" ते म्हणाले, "साडूभाऊ, भाषा येत नाही. संसार येतो." सोसायटीतल्या जपानी शिकवणाऱ्या एक बाई खात्री करायला आल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि निकाल देऊन गेल्या, "अर्थ सगळा चुकलाय, पण भांडण बरोबर आहे."

त्यांची नजर तर विचारू नका. "तेव्हा माइक कुठे तरी लपवून ठेवावा लागे," ते सांगतात. "तो त्या फुलदाणीत आहे. बघा, नवरा बोलतोय बायकोशी आणि तोंड फुलदाणीकडे." मी तो सिनेमा कितीदा तरी पाहिला होता, मला फुलदाणी दिसलीसुद्धा नव्हती. सिनेमातली बायको घडोघडी 'अनाता' म्हणते. त्या बाईंनी त्याचा अर्थ 'तुम्ही' असा सांगितला. साडू उसळलेच. "तुम्ही कसलं? हे आपलं 'अहो' आहे! नाव न घेता मारलेली हाक. रागात आखूड, लाडात लांब. कान देऊन ऐका." ऐकलं. शंभर टक्के 'अहो' होतं.

आता रागाचं. या माणसाला जे दिसेल त्याची तोंडावर स्तुती करायची खोड आहे. पुण्यात राहून हा माणूस दुकानदाराची स्तुती करतो! लक्ष्मी रोडवर आमच्या हिच्यासाठी साडी बघत होतो. मी नाक मुरडून, दोनदा चप्पल पायात घालून, दुकानदाराला अगदी रडकुंडीला आणलं होतं. तेवढ्यात साडू म्हणाले, "अहाहा! ताई, हा रंग अख्ख्या पुण्यात दुसरीकडे मिळायचा नाही!" दुकानदार गादीवर रेलून बसला. भाव तिथेच थिजला. माझं डोकं फिरलं, मी साडूंना आणि हिलाही नको ते बोललो आणि साडी तिथेच टाकून बाहेर पडलो. तेव्हापासून घरातलं 'अहो' बंद. "जेवायला वाढलंय." "फोन वाजतोय." "पाणी जाणार आहे." सगळं भिंतीला सांगायचं. आमच्या घरात फुलदाणी नाही, एवढाच काय तो फरक. मीही माघार घेतली नाही. दिवाळी तशीच गेली. गाळ्यावर दिवसभर माझ्या नावाने हाका चालतात, आणि घरी आलं की आपण आहोत की नाही अशी शंका यायची.

माझी मेहुणी गेल्यापासून दर रविवारी हिचा डबा साडूंकडे जातो. मी तिकडे पाऊल ठेवणार नव्हतो, पण स्कूटर चालवायला कुणी तरी हवंच. गेलोच होतो, म्हणून सिनेमाला मागच्या बाजूला जाऊन बसलो. शेवटी ते दोघं माळावरून चालत निघतात. नवरा पुढे, बायको मागे. ती हाक मारते, "अनाता." एरवी साडू इथे फटकन 'ओ' म्हणतात. त्या दिवशी गप्प राहिले. मी खेकसलो, "बोला की! बहिरा आहे का तो?"

"ऐकू आलंय त्याला," साडू म्हणाले. "पुन्हा ऐकायचंय म्हणून ओ देत नाही. मीही असाच थांबायचो."

भिंतीवर दुसरी हाक आली, चांगली लांब. तिचं मराठी त्यांनी केलं नाही. ही डब्याचं झाकण उगाच लावत बसली.

निघालो. जिन्यातला दिवा गेला होता. मी पुढे, ही मागे.

"अहो," ती म्हणाली, "जपून. खालची पायरी तुटलीय."

साडीच्या बाबतीत चूक साडूंचीच होती, हे मी आजही म्हणतो. आणि कुणाच्या पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही, यावर माझा सगळा धंदा उभा आहे. पण त्या जिन्यात मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

वरून पुन्हा तळणाचा आवाज यायला लागला होता. साडूंनी सिनेमा पहिल्यापासून लावला असावा. त्या हाकेपर्यंत पोचायला त्यांना अजून बराच वेळ होता.