कल्हई केलेला भोंगा

महाडात भोंगा बनवणारं पहिलं आणि शेवटचं घर आमचं.

आम्ही तांबट. हंडे, घागरी, बंब, पराती, जे काही पोकळ असेल ते आमच्या अंगणात जन्माला यायचं. एकदा पावसाळा सरता सरता कुडपणचा सखाराम डोंगर उतरून आला आणि माझ्या वडिलांपुढे, म्हणजे अण्णांपुढे, त्यानं जमिनीवर कोळशानं चित्र काढलं. हत्तीनं सोंड गुंडाळून झोपावं तसं काहीतरी!

"ह्यो भोंगा. माझ्या छातीयेवढा पायजे," सखाराम म्हणाला.

सखाराम मुंबईला गिरणीत होता. तिथं तो एका लग्नाच्या बँडमध्येही होता, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. खोकला जडला तसा तो घरी आला आणि पोलादपुरात चार गडी गोळा करून त्यानं स्वतःचा बँड काढला. दोन पिपाण्या, एक ताशा, एक ढोल. पण मोठ्या घरची लग्नं सगळी घाटावरच्या बँडला जायची, कारण त्यांच्याकडे भोंगा होता.

"अण्णा, भोंगा झाला तर बँड चालंल नि मी गावात राहीन. नाय तर पुन्ना गिरणी."

त्याची बायको पारू आईजवळ बसली होती. ती हळूच म्हणाली, "गिरणीत गेलं तर ह्ये काय परत यायचं नाय, काकी. खोकला ऐकताव ना?"

आईनं डोळ्याला पदर लावला आणि अण्णांकडे असं पाहिलं, की अण्णांनी तिथल्या तिथे पत्रा हातात घेतला.

भोंगा झाला! नळी बंबाच्या वळणाची, तोंड घंगाळाचं. शेजारचे लोक येऊन "यात पाणी किती मावतं?" म्हणून विचारून गेले. अडलं ते एकाच ठिकाणी. भोंग्याच्या पोटावर तीन खटके लागतात. दाबले की आत जातात, सोडले की वर येतात आणि सूर बदलतो. मुंबईत त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात.

"हे आपल्या हातोडीचं काम नव्हे. दत्तू, तू मुंबईला जा," अण्णा म्हणाले.

(मीच का? तर मी इंग्रजी शाळेचं तोंड पाहिलं होतं. शाळेनं माझं फार दिवस पाहिलं नाही, ही गोष्ट वेगळी.)

दासगावहून बोटीनं मी मुंबई गाठली आणि भंगारवाल्यांच्या गल्ल्यांतून हिंडू लागलो. व्हॉल्व्ह मागितला की जो तो नळाची तोटी पुढे करायचा. एकानं स्टोव्हचा पंप दाखवला, दुसऱ्यानं सोडा बाटल्या भरायचं आख्खं यंत्र! शेवटी मी माझ्या हिंदीला हात घातला.

"वो नाय! तीन भाऊ होनेका. दबाया तो खाली जानेका, छोड्या तो वर आनेका!"

"सर्कस का माल उधर मिलेगा," दुकानदारानं बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी मात्र एका दुकानाच्या कोपऱ्यात बैलगाडीखाली चेपलेला भोंगा सापडला. सगळं अंग चपटं, पण तिन्ही खटके नळकांड्यांसकट धडधाकट! मी ते धोतराच्या सोग्यात बांधून घेतले आणि परतीच्या बोटीत कोणाला जवळ बसू दिलं नाही.

घरी माझं स्वागत लढाई जिंकून आलेल्यासारखं झालं. पोलादपूरच्या खोतांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि सखारामनं भोंग्याचा शब्द देऊन सुपारी घेतली होती. अण्णांनी भोंग्याला तोंडी आणि खटक्यांची नळकांडी डाख लावून बसवली. आता खटके आत सोडायचे, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात आईनं एक खटका उचलून हुंगला.

"हे पितळ ना? आणि तोंडाला लागणार?"

"खटके नाही गं, तोंडी लागते तोंडाला," मी म्हटलं.

"पण वारा यांच्यातूनच जाणार ना? आणि श्वास घेताना तोच वारा पोटात! बिनकल्हईच्या भांड्यात आमटी कळकते, मग फुंकर कळकणार नाही? आधीच त्याची छाती तशी!"

अण्णा विचारात पडले. तांबटाच्या घरातून तोंडाला लागणारी वस्तू कल्हईवाचून बाहेर गेली, तर आळीत तोंड काढायला जागा राहिली नसती. ते एवढंच म्हणाले, "दत्तू, भाता पेटव."

आळीत माझ्या कल्हईला तोड नव्हती. नवसागर मारला, कथील फिरवलं, कापसानं पुसलं. खटके असे चकाकले की त्यात बघून भांग पाडावा!

लग्नाच्या सकाळी सखाराम आणि पारू बैलगाडी घेऊन आले. मी ऐटीत पहिला खटका नळकांड्यात सोडला. तो गेला नाही. दुसरा गेला नाही. तिसऱ्यानं तर वाकूनसुद्धा पाहिलं नाही! कल्हईनं तिघांचीही अंगं भरली होती.

"घट्ट बसतायत, चांगलं आहे," म्हणत अण्णांनी लाकडी मोगरी घेतली आणि ठोकून ठोकून तिन्ही आत बसवले. बसले ते बसलेच. दाबले तर हलेनात!

पारूचा चेहरा उतरला. "म्हंजे झाली गिरणी," ती पुटपुटली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सखारामनं भोंगा खांद्यावर चढवला आणि फुंकला.

"भों!"

फळीवरची भांडी थरथरली. आई मटकन खाली बसली.

"वाजतंय की!" सखाराम म्हणाला.

"पण मास्तर, सूर बदलत नाही!"

"नाय तर नाय. चला, वरात थांबलीया."

पोलादपुरात पिपाण्यांनी काहीही वाजवलं तरी सखाराम ढोलाच्या ठोक्याला "भों!" देत राहिला. तंबोऱ्यानं सा धरावा तसा त्यानं तो धरून ठेवला. वरातीचे बैल उधळले, नवरदेव गाडीतून खाली उतरून पायी चालला, आणि म्हातारे माना डोलावून म्हणाले, "ह्याला म्हनायचा बँड!" मांडवातच पुढच्या लग्नांच्या सुपाऱ्या आल्या. पारू आईच्या गळ्यात पडून रडली, आणि आईही रडली.

लग्नसराई संपल्यावर मी सखारामला गाठलं. "मास्तर, भोंगा आणा. कल्हई खरवडून खटके मोकळे करून देतो."

त्यानं आजूबाजूला पाहिलं, मला फणसाखाली ओढलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"नको रे दत्तू! पाया पडतो! मुंबईत मी झांजा वाजवायचो. खटके दाबायला मला कुठं येतायत? गावानं मास्तर मास्तर केलं नि सांगायची सोय नाय राहिली. त्या सकाळी वाटेतनंच पळून जानार होतो गिरणीत. तुझ्या कल्हईनं वाचवला!"

"मग अण्णा मला खटके आणायला मुंबईला धाडत होते, तेव्हा का नाही अडवलंत?"

"म्हटलं, तुला काय ते मिळायचं नायत! बिनखटक्याचा भोंगा नुसता फुंकला की झालं!"

सखाराम पुन्हा गिरणीत गेला नाही. आणि साऱ्या तालुक्यात ज्याच्या नालायकीवर एका संसाराची सगळी भिस्त होती, असा माणूस मीच! त्यातही मी ऐन वेळी दगा दिला आणि खटके घेऊन आलो.