यादीत राहिलेलं नाव

अठरा वर्षं हे कॉलेजात इतिहास शिकवत होते. दिवाळीची सुट्टी संपली आणि एका सकाळी शिपाई दोन ओळींचं पत्र देऊन गेला. आपल्या सेवेची आवश्यकता उरली नाही, एवढंच. का, ते लिहिलं नव्हतं. मी चौथी शिकलेली. वाटलं, मलाच कळत नसेल, म्हणून तीनदा वाचलं. पण यांनाही कळलं नव्हतं.

प्राचार्य म्हणाले, संस्थेला विचारा. संस्थेतले म्हणाले, प्राचार्यांना विचारा. मग हे घरातच येरझारा घालू लागले. मध्येच थांबून मला विचारायचे, "कॉलेजच्या सहलीत मी कुणाला काही लागेलसं बोललो होतो का गं?" मी कधी सहलीला गेलेच नव्हते. माणूस आपलीच अठरा वर्षं उपसून त्यात चूक शोधत होता. ते मला बघवेना.

संक्रांत झाल्यावर तोच शिपाई पुन्हा दारात आला.

"वैनी, प्राचार्य सायबांच्या बाईसाहेबांकडं उद्या हळदीकुंकू हाय. पाचला या."

"मला बोलावलंय?"

"यादीत नाव हाय की तुमचं."

यादी प्राध्यापकांच्या बायकांची होती, पण मागल्या वर्षीची. माझं नाव खोडायचं राहिलं होतं. त्याच्याही ते ध्यानात आलं. मान खाली घालून म्हणाला, "चुकलंच. पर दिल्यालं आवतन माघारी कसं घिऊ?"

हे म्हणाले, "जाऊ नकोस. हसतील."

चार बायकांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरी गेले. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून वाट काढताना एकच वाक्य घोकत होते.

दिवाणखान्यात शिरले तशा बायकांच्या माना वळल्या. मागून एक हळूच म्हणाली, "हिला कुणी बोलावलं?"

दुसरी म्हणाली, "आली असेल आपणहून. पाय सवयीचे ना!"

प्राचार्यांच्या पत्नी मला बघून दचकल्या. पण दारात आलेल्या सवाष्णीला परत कसं पाठवणार? त्यांनी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. वाणाची स्टीलची वाटी पुढे केली तेव्हा मी हात मागे घेतला.

"वहिनी, वाण नको. यांचं काय चुकलं, तेवढं सांगा."

"अहो, वाणाला नाही म्हणू नये."

"चुकलं असेल तर ऐकून घेऊ आम्ही."

त्या वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्या कानाशी वाकल्या. "मी घरात विचारलं होतं. तुमच्या यजमानांचं काही चुकलं नव्हतं म्हणाले. पुढं विचारलं तर माझ्यावरच ओरडले. आता घ्या बाई हे."

मी वाटी घेतली आणि निघाले. जवळजवळ पळतच घरी आले. वाटलं, एवढं ऐकलं की यांच्या जिवाला थारा मिळेल.

यांनी ऐकून घेतलं. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द.

"सगळ्यांच्या देखत म्हणाल्या?"

"नाही. कानात."

हे पुन्हा येरझारा घालू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, 'यांचं काही चुकलं नव्हतं' हे तिथेच सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणायला हवं होतं, भरल्या दिवाणखान्यात. बायका होत्या, त्यांचे नवरे यांच्याच बरोबरीने शिकवणारे. मी वाण घेऊन गप्प निघून आले. आता कामात असताना ते वाक्य तोंडात येतं, मोठ्याने. ऐकायला कुणी नसतं.