बंबकाकांची रविवारची बस

तुमच्या घराला आग लागली आहे, रस्त्याच्या दोन टोकांकडून दोन बंब धावत येताहेत, आणि दोन्ही बंबांवरची माणसं तुमच्या घराकडे पाठ करून, पाण्याच्या नळावर हक्क कुणाचा यावरून एकमेकांना बुकलताहेत. सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूने? मला हा प्रश्न शाळेत असताना विचारला गेला, तोही एका मुंजीच्या जेवणात, श्रीखंड वाढता वाढता. विचारणारे, आई इंग्लंडमध्ये ज्या हॉस्पिटलात काम करायची तिथले निवृत्तीला आलेले पॅथॉलॉजिस्ट होते. सगळं लीड्स, म्हणजे लीड्समधलं सगळं मराठी लीड्स, त्यांना बंबकाका म्हणायचं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन नगरपालिकेची एवढी काळजी करणारा दुसरा मराठी माणूस अटलांटिकच्या अलीकडे झाला नाही, आणि पलीकडेही झाला असेल असं वाटत नाही. बाकीची डॉक्टर मंडळी मुलांच्या ए लेव्हल्सच्या परीक्षांची आणि पुण्यातल्या फ्लॅटच्या भाडेकरूची काळजी करायची. काका शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विझलेल्या आगींची करायचे.

हे वेड त्यांना फिलाडेल्फियात लागलं. इंग्लंडला येण्याआधी ते शिकायला वर्षभर तिथे होते आणि एका म्हाताऱ्या, निवृत्त फायरमनच्या घरात भाड्याने राहायचे. हिवाळा मोठा, ओळखी कमी, आणि घरमालकाला बोलायची हौस. तो आपल्या आजोबांच्या काळातल्या गोष्टी सांगायचा. तेव्हा शहराचं असं अग्निशामक दल नव्हतं. गल्लोगल्ली हौशी लोकांच्या कंपन्या होत्या. प्रत्येकीचा रंगवलेला बंब वेगळा, टोप्या वेगळ्या, अभिमान वेगळा. घंटा झाली की शर्यत लागायची, आणि पहिला पोचेल त्याचा नळ. म्हणून प्रत्येक कंपनी एक दांडगा गडी आधीच पुढे पळवायची. त्याने नळावर एक रिकामं पिंप पालथं घालायचं आणि आपली माणसं येईपर्यंत त्यावर बसून राहायचं, दुसऱ्यांना नळ सापडूच नये म्हणून. तोवर घर जळतंय ते जळतंय. हा पिंपावरचा माणूस काकांच्या डोक्यात जो जाऊन बसला तो उठलाच नाही.

काकांच्या मते जगातल्या सगळ्या भानगडींचं मूळ या पिंपात होतं. मंडळाच्या गणपतीत हॉलच्या स्वयंपाकघराची किल्ली सेक्रेटरींनी खिशात ठेवली आणि दुसऱ्या गटाच्या बायका मोदकांची पातेली घेऊन बाहेर पावसात उभ्या राहिल्या, तेव्हा काकांनी आरती थांबवून विचारलं, "पिंपावर कोण बसलंय?" सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टर, प्लीज, इथे प्रोटोकॉलचा प्रश्न आहे." काका म्हणाले, "तिथेही तोच होता. घर जळलं." शेवटी किल्ली निघाली, पण मोदक गारच खावे लागले. वॉर्डातली एकुलती एक व्हीलचेअर कुठल्या तरी सिस्टरने लपवली, की पिंप. आमच्या घरी टीव्हीचा रिमोट माझ्या हातात दिसला, की पिंप. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, पेपर गेला तासभर तुमच्या हातात आहे. पिंपावरून उठा आता." काका तत्काळ उठले. न्यायाच्या बाबतीत ते स्वतःला सवलत द्यायचे नाहीत.

इंग्लंडमध्ये रस्त्याकडेच्या भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, काळा एच लिहिलेल्या. जवळच जमिनीखाली आगीच्या वेळचा नळ आहे, एवढाच त्यांचा अर्थ. तुम्ही-आम्ही त्यांच्या शेजारून जन्मभर जातो आणि आपल्याला त्या दिसत नाहीत. काकांना दुसरं काही दिसायचंच नाही. फिरायला निघाले की वाटेतली प्रत्येक पाटी रुमालाने पुसायची, आयव्हीची वेल वर चढली असेल तर खुडायची, बर्फ साचलं असेल तर झटकायचं. शेजारच्या एक आजीबाई त्यांना वर्षानुवर्षं पाणीखात्याचे कर्मचारी समजत होत्या आणि आपल्या नळाचं प्रेशर कमी असल्याची तक्रार त्यांच्याकडेच करायच्या. काका ती लिहून घ्यायचे आणि खरोखर कळवायचे. पाणी सुधारलं, तेव्हा बाईंनी त्यांना फ्रूटकेक दिला. काकांनी तो निमूटपणे घेतला. म्हणाले, "शहराच्या वतीने घेतला."

याच पाट्यांपायी ते ड्रायव्हिंग टेस्ट नापास झाले. परीक्षक म्हणाला, डावीकडे गाडी थांबवा. काका म्हणाले, "इथे नको, हायड्रंट आहे." थोडं पुढे तो पुन्हा म्हणाला, तर तिथेही पाटी. असं करत करत ते रिंग रोडला लागले. परीक्षक शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, मला घरी जायचंय." काकांनी पुन्हा टेस्ट दिली नाही. "शहराकडे बस असताना माणसाला मोटार कशाला लागते?" असं ते म्हणायचे. हे वाक्य त्यांना पुढे महागात पडणार होतं.

कचऱ्याच्या गाडीवरच्या लोकांवर त्यांचा फार जीव. थंडीत ते चहाचे मग घेऊन दारात उभे राहायचे. एकदा अतिशय आदराने त्यांनी त्या मंडळींना सांगितलं, "तुम्हाला कल्पना आहे का, फिलाडेल्फियात पूर्वी तुमचं काम रस्त्यावरची डुकरं करायची." मला वाटलं, आता चहाचा मग काकांच्या डोक्यात बसणार. पण तो यॉर्कशरचा धिप्पाड माणूस चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणाला, "पगार त्यांना बरा असेल, लव्ह." तिकडे कुणालाही लव्ह म्हणतात. काका हे उत्तर महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारने बसगाड्या बाजारात सोडल्या. तोवर बस म्हणजे एकच, शहराची. ती उशिरा यायची, पण सगळ्यांसाठी उशिरा यायची. आता वाटेल त्या कंपनीने वाटेल त्या रस्त्यावर बस चालवावी. आमच्या थांब्यावर तीन रंगांच्या बसेस येऊ लागल्या, त्याही एकाच वेळी. पुढची मागचीला दाबतेय, मागची पुढचीला ओलांडतेय, आणि या गडबडीत हात वर केलेली आजीबाई थांब्यावर तशीच. सगळे लोक शिव्या देत होते. काका टाळ्या वाजवत होते. "हेच! हेच ते!" आयुष्यभर सांगितलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडताना बघायचं भाग्य किती जणांना मिळतं?

त्याच वर्षी काकूंना स्ट्रोक झाला. शहराबाहेर टेकडीवर एक जुनं हॉस्पिटल आहे, तिथल्या लाँग-स्टे वॉर्डात त्यांना ठेवलं. काका रोज दुपारी मऊ भात आणि मेतकूट स्टीलच्या डब्यात भरून, डबा भांडी पुसायच्या टी-टॉवेलात गुंडाळून बसने जायचे. काकूंना बोलणं जड झालं होतं, पण विनोद शाबूत होता. काकांना पाच मिनिटं उशीर झाला की त्या एकेक शब्द जुळवत विचारायच्या, "काय... अमेरिकेहून... आलात?"

सोमवार ते शनिवार तिन्ही कंपन्या काकांना टेकडीवर न्यायला भांडायच्या. रविवारी एकही नाही. रविवारी टेकडीवर जायला असतात म्हाताऱ्या बायका, त्यांचे फुकट प्रवासाचे पास आणि बिस्किटांचे डबे. त्यात कुणाला फायदा? काकांच्या टाळ्या थांबल्या. माझी आई म्हणाली, "मी सोडते ना गाडीने." काका म्हणाले, "तू सोडशील गं. पण थांब्यावरच्या बाकीच्यांचं काय?" आई कडाडली, "अहो, ती बिचारी वाट बघत पडलीय आणि तुम्ही तत्त्वं काय सांगताय! बसा गाडीत!" काका बसले. पण थांब्यापाशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, आणि आमच्या चिमुकल्या मिनी गाडीत तीन यॉर्कशरच्या विधवा, त्यांच्या छत्र्या आणि एक ट्रायफल पुडिंगचं भांडं शिरलं. पुढे दर रविवारी हेच. गाडीची मागची स्प्रिंग बसली, तेव्हा आईने हात जोडले. "काका, माझी मिनी म्हणजे नगरपालिका नव्हे."

इथे माझा प्रवेश. माझं मराठी वाचन पत्रकांवर झालं आहे. आजोबा मुंबईहून चकल्या पाठवायचे त्या गिरणी कामगारांच्या सभांच्या पत्रकांत गुंडाळून. चकल्या संपल्या की मी कागद वाचायचे. त्यामुळे 'आई' आणि 'बाबा' पाठोपाठ मला 'धिक्कार' लिहिता यायला लागलं. रविवारच्या बसवर मी एक जळजळीत इंग्रजी पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल करून आणलं आणि काकांपुढे ठेवलं. त्यांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. "झकास आहे. खरंही आहे. पण हे वाचून पिंपावरचा माणूस आणखी घट्ट बसेल."

"मग काय करायचं? त्याला विनंती करायची?"

"त्याला घर दाखवायचं. तो नळाकडे बघत असतो गं. घराकडे त्याची पाठ असते."

लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये बसेसबद्दल कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, सभा झाली. प्रत्येकाला थोडी थोडी मिनिटं. काका सूट घालून, डबा मांडीवर घेऊन बसले होते, कारण तिथून त्यांना टेकडीवर जायचं होतं. त्यांचं नाव पुकारलं आणि त्यांनी सुरुवात केली फिलाडेल्फियापासून. घरमालक आला, त्याचे आजोबा आले, टोप्या आल्या, पिंप आलं. लोक हसायला लागले. मी पत्रकांचा गठ्ठा आवळून मान खाली घातली. अध्यक्ष एक करड्या केसांच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आपण बसबद्दल बोलणार आहात ना?"

"तेच बोलतोय, मॅडम," काका म्हणाले. "त्या सगळ्या कंपन्या शूर होत्या. शर्यत जिंकायच्या. पण शेवटी शहराला कळलं की ज्या गल्लीत शर्यत नाही तिथेही आग लागते. मग शहराने स्वतःचा बंब घेतला." त्यांनी डबा उचलून टेबलावर ठेवला. "माझी बायको टेकडीवर आहे. एरवी तिच्या नळावर तीन-तीन कंपन्या भांडतात. रविवारी ती दुपारभर दाराकडे बघते. शेजारच्या कॉटवरच्या बाईही बघतात. त्यांना तर माझ्यासारखा भाषण करणारा नवराही नाही." एवढं बोलून ते खाली बसले. वेळ शिल्लक होता. माझ्या गठ्ठ्यातलं एकही पत्रक मी वाटलं नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य मला आजही मान्य आहे. पण त्या हॉलमध्ये आता कुणाची नळाकडे नजर नव्हती.

काही आठवड्यांनी रविवारची एक बस सुरू झाली, कौन्सिलच्या खर्चाने, प्रयोग म्हणून. माणसं बसताना दिसली तर पुढे चालवू, असं ठरलं. ड्रायव्हर पाकिस्तानातल्या मीरपूरचा होता, काकांना पाहिलं की हाक मारायचा, "आओ डॉक्टरसाब, आपकी सवारी हाज़िर है." पहिल्या रविवारी तिन्ही विधवांनी त्याला केक भरवला. काकू म्हणाल्या, "आज... वेळेवर? जहाज... लवकर सुटलं?"

त्या आणखी दोन हिवाळे राहिल्या आणि मग गेल्या. त्यानंतरच्या रविवारी मी पाहिलं, काका थांब्यावर उभे. सूट, मफलर, टी-टॉवेलात गुंडाळलेला डबा. मला वाटलं, म्हातारा विसरला. जवळ जाऊन हळूच विचारलं, "काका, कुठे निघालात?"

"हॉस्पिटलला."

"पण काका... काकू..."

"माहीत आहे गं मला." ते चिडले नाहीत. "बस रिकामी दिसली तर काढतील. त्या तिघींतल्या मिसेस वॉकरची बहीण आहे ना अजून वर."

तेव्हापासून ते दर रविवारी बसने टेकडीवर जायचे, बागेतल्या बाकावर बसून मेतकूट-भात खायचे, वाटेतल्या पाट्या पुसायचे आणि परतीच्या बसने खाली यायचे. मी आयुष्यात पुष्कळ मोर्चे काढले, पण इतका शांत, इतका चिवट आणि डबा घेऊन निघालेला मोर्चा दुसरा पाहिला नाही.

आता नव्वदचं दशक निम्मं सरलं आहे. काकांचे गुडघे गेले, मग कंबर, आणि गेल्या शिशिरापासून ते त्याच वॉर्डात आहेत, खिडकीजवळच्या कॉटवर. तिथून बसचा थांबा दिसतो आणि नीट पाहिलं तर भिंतीवरची एक पिवळी पाटीही. मी गाडी चालवायला शिकले आहे, पण रविवारी बसनेच जाते. माझा मेतकूट-भात काकूंसारखा होत नाही. ते तसं सांगतात, आणि सगळा खातात. गेल्या रविवारी बसमध्ये ड्रायव्हर सोडून मी आणि एक आजोबा, एवढेच होतो. रस्त्याचं काम होतं, उशीर झाला. मी दारात पोचले तेव्हा ते खिडकीकडे बघत होते. मान न वळवता म्हणाले, "काय गं, अमेरिकेहून आलीस?"

कौन्सिल या बसचा पुन्हा विचार करते आहे. त्यावर मी पत्रक लिहिलेलं नाही, हे लिहिलं आहे. तेव्हा एवढं करा: लीड्समध्ये असाल, तर येत्या रविवारी दुपारी टेकडीच्या बसमध्ये बसा. कुणाला भेटायचं नसलं तरी बसा. लीड्समध्ये नसाल, तर तुमच्या गावात जी बस रिकामी जाताना दिसते, तिला एकदा हात करा आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन या. खिडकीजवळची जागा घ्या, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला बसमध्ये माणूस दिसेल.